कोठाराखालची हवा: हॅम्पशरमधल्या एका धान्यकोठाराच्या दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमध्ये खडूच्या दगडाच्या टेकड्या आहेत. वर मेंढ्या, उतारावर गहू, अशी तिथली जुनी जोडशेती. शेतवाडीची मांडणीही ठरलेली असे: मधे चौक, एका अंगाला घर, समोर मळणीचं मोठं बार्न, बाजूला गाड्यांची पडवी आणि या सगळ्यांपासून जरा सुटं उभं असलेलं लहानसं चौरस धान्यकोठार. हे प्रकरण अशाच एका कोठाराचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. मी पुण्यात शिकलेली वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम इंग्लंडमध्ये करते. या कामात आराखडे आणि देखरेख माझ्याकडे होती.

कोठार बाहेरून ४.५ मीटर गुणिले ४.५ मीटर. ओकच्या लाकडाची चौकट, चौकटीच्या घरांमध्ये चुन्यात बांधलेल्या विटा आणि वर चपट्या मातीच्या कौलांचं चारपाखी छप्पर. सांध्यांना लोखंड नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकलेली. सांध्याशेजारी सुतारांनी कोरलेले रोमन आकडे अजून दिसतात, कारण चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवायची, मग सुटी करून जागेवर उभी करायची, अशी पद्धत होती. लाकूडकाम पाहता बांधकाम १८व्या शतकाच्या उत्तरार्धातलं वाटतं. १८३६च्या कायद्यानंतर चर्चला द्यायच्या दशांशाचा (टाइदचा) हिशेब ठरवण्यासाठी गावोगाव तयार झालेल्या नकाशांपैकी इथल्या नकाशावर हा चौकोन स्पष्ट दिसतो.

या इमारतीचं खरं डोकं तिच्या पायात आहे. ती जमिनीला टेकतच नाही. तीन ओळींत तीन, अशा नऊ दगडांवर ती पाऊण मीटर उंचीवर उभी होती. या दगडांना स्टॅडल म्हणतात. खाली दगडी खांब, वरच्या अंगाला निमुळता होत जाणारा, त्यावर गोल, रुंद टोपी. आकार थेट अळंबीचा. उंदीर खांब चढून येतो, पण टोपीच्या खालच्या अंगाला उलटं लटकून कडेपर्यंत जाणं त्याला जमत नाही. तपकिरी उंदीर इंग्लंडमध्ये पसरला तो १८व्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि दगडांवर उचललेली ही कोठारं दक्षिण इंग्लंडमध्ये त्याच शतकात वाढत गेली. दगडांचं दुसरं काम तितकंच मोठं: खालून वारा खेळता ठेवणं. आपल्याकडे कणगीखाली दगड किंवा पाट सारत, त्यामागचा विचार हाच. धान्याला उंदरापेक्षा ओल जास्त खाते.

आत मधोमध एक मीटर रुंदीची वाट आणि दोन्ही हातांना धान्याचे कप्पे. कप्प्यांच्या पुढच्या फळ्या खाचांतून वरून सरकवायच्या. धान्य चढेल तशी फळी वाढवायची, उपसेल तशी काढायची. एका बाजूचा कप्पा ४.२ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद. एक मीटरपर्यंत भरला तर ६.७ घनमीटर गहू होतो. घनमीटरला साधारण ७७० किलो धरले, तर दोन्ही बाजू मिळून दहा टनांच्या वर. एवढं वजन पेलणारी ती लहानशी खोली! हिवाळाभर बार्नमध्ये हाताने मळणी चाले आणि पाखडलेला दाणा इथे येई. त्या हिवाळी मजुरीवर घरं चालत, म्हणूनच १८३०मध्ये याच पट्ट्यातल्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. शेतकऱ्यासाठी कोठार म्हणजे बाजारभावाची वाट पाहण्याची सोय होती. कापणी-मळणी एकत्र करणारी यंत्रं आणि पत्र्याचे सायलो आले आणि कोठारं रिकामी झाली.

अडचण

१९७०च्या दशकात सध्याच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी कोठाराखाली कोंबड्या ठेवायचं ठरवलं. त्यासाठी चारही बाजूंनी दगडांच्या मधली जागा सिमेंटमध्ये विटा रचून बंद केली. दर्शनी बाजूचे तीन स्टॅडल काढून फाटकापाशी शोभेला लावले आणि त्यांच्या जागी विटांचे खांब घेतले. चौकात काँक्रीट ओतलं, त्यामुळे भोवतालची जमीन वीसेक सेंटिमीटर वर आली. दाराशी काँक्रीटच्या पायऱ्या थेट इमारतीला चिकटवल्या. जुनी लाकडी पायरी उंबऱ्यापासून मुद्दाम हातभर लांब थांबत असे. पायरी टेकली की उंदराला पूल मिळतो आणि ओलीलाही. यात वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. धान्य नव्हतं, त्यामुळे त्या मोकळ्या जागेचं काम काय हे सांगणारंही कोणी उरलं नव्हतं.

मालकीणबाईंनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. त्यांना कोठाराची ऑफिसची खोली करायची होती: भिंतींना इन्सुलेशन, मोठी खिडकी, हीटर, कोपऱ्यात चहाचं सिंक. पश्चिमेची थोडी कौलं घसरली होती, तेवढी नीट केली की झालं, असा त्यांचा अंदाज.

मी पश्चिमेच्या बाजूला गुडघ्यांवर बसून चौकटीच्या पायथ्याच्या आडव्या तुळईत टोच्या दाबला. ओक असा असतो की टोच्या मिलिमीटरभर शिरला तरी नशीब. इथे तो मुठीपर्यंत गेला आणि बाहेर येताना कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी भुसा घेऊन आला. ओलमापकाने आकडा दाखवला २९ टक्के. वर वाशांजवळ तोच आकडा १६ होता. २० टक्क्यांच्या वर लाकूड सतत राहिलं की कुज धरते. तुळईवर तीनेक मिलिमीटरची भोकं होती, म्हणजे ओलसर ओकमध्ये वाढणारा डेथवॉच भुंगाही येऊन गेला होता. पावसाचं पाणी काँक्रीटवरून उडून विटांवर येत होतं आणि सिमेंट ते बाहेर सोडत नव्हतं. पश्चिम आणि उत्तर, दोन्ही बाजूंची तुळई गेली होती. दोन खांबांचे पायही मऊ झाले होते.

दुसरी अडचण कायद्याची. कोठाराची स्वतंत्र नोंद संरक्षित इमारतींच्या यादीत नव्हती, म्हणून मालकीणबाई निर्धास्त होत्या. पण घर ग्रेड टू, म्हणजे यादीतल्या सर्वांत सामान्य दर्जाने, यादीत होतं. १९९०च्या कायद्यानुसार यादीतल्या इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८च्या आधीपासून उभं असलेलं बांधकामही त्या संरक्षणात येतं. परवानगीशिवाय इमारतीचं रूप बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. शेतातल्या इमारतीचा वापर पूर्ण नियोजन-परवानगीशिवाय बदलू देणारी सवलतही इथे लागू नव्हती. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. “माझ्याच अंगणातली खोली आणि मीच विचारू?” त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग समजला.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय त्यांचाच, ऑफिस. भिंती आतून झाकायच्या म्हणजे कप्पे काढायचे, आणि कप्पे गेले की ही इमारत कोठार राहत नाही. शिवाय गरम, दमट हवा थंड चौकटीला लागून आतल्या आत ओल धरली असती, ज्या रोगावर इलाज करायचा तोच नव्याने लावून घेतल्यासारखं.

दुसरा पर्याय बांधकाम ठेकेदाराचा: सगळं सुटं करा, वर्कशॉपमध्ये दुरुस्त करा, परत उभं करा. चौकट मुळात सुटी करण्यासारखीच असते, आणि वेस्ट ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात वाचवलेल्या इमारती अशाच हलवून उभ्या केल्या आहेत. पण त्या बहुतेक जागेवर राहिल्याच नसत्या म्हणून हलवल्या. इथे तशी वेळ नव्हती. अडीचशे वर्षांच्या खुंट्या ठोकून काढताना किती जिभा फुटतील, याची खात्री कोणी दिली नसती, आणि चुन्यातल्या विटा तर गेल्याच असत्या.

तिसरा सर्वांत स्वस्त: विटांची भिंत तशीच ठेवून तिला जाळ्या बसवायच्या आणि तुळईचा कुजका भाग जागच्या जागी बदलायचा. यावर मी बरेच दिवस घालवले, कारण पैशांचा प्रश्न खरा होता. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो आणि जुन्या इमारतीला त्यातून सूट नाही. शेवटी कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यातून टॉर्च घेऊन सरपटत मधल्या दगडापर्यंत गेले. नऊ दगडांतला हा एकच विटांच्या संगतीत आला नव्हता. त्याच्यावरची तुळई कोरडी, कडक, टोच्याला दाद न देणारी. एकाच इमारतीचं, एकाच झाडाच्या वयाचं लाकूड. जिथे हवा होती तिथे टिकलं, जिथे कोंडली तिथे गेलं. तिसरा पर्याय तिथेच संपला.

चौथा पर्याय आम्ही घेतला: इमारत जागेवरच किंचित उचलायची, विटांची भिंत काढायची, तुळई आणि खांबांचे पाय दुरुस्त करायचे, दगड परत आणायचे. ऑफिसचं काय? उत्तर कप्प्यांतच होतं. फळ्या सरकत्या असल्यामुळे दक्षिणेच्या कप्प्याच्या फळ्या काढून, आकडे घालून मागच्या भिंतीशी रचून ठेवता येत होत्या. टेबल आणि खुर्ची बसेल एवढी जागा मिळते, एक विजेची वायर, बस. हीटर नाही, सिंक नाही. मालकीणबाईंनी तीन आठवडे विचार केला आणि होकार दिला. त्यांचं मन वळलं ते माझ्या नकाशांनी नव्हे, त्या स्वतः खाली सरपटत जाऊन तो मधला दगड पाहून आल्या तेव्हा.

स्थानिक परिषदेच्या वारसा अधिकाऱ्याने एक योग्य प्रश्न विचारला: कोंबड्यांची भिंतही आता पन्नास वर्षं जुनी, तीही या वाडीच्या इतिहासाचा भाग नाही का? आहे. पण ती राहिली तर बाकीचं राहत नाही, म्हणून तिची मोजमापं आणि छायाचित्रं नोंदवून ती काढायची, असं ठरलं.

काय केलं

सगळ्यात जास्त वेळ वटवाघळांनी घेतला. आढ्याजवळ लांब कानांच्या तपकिरी वटवाघळांची लेंडं सापडली. इंग्लंडमध्ये वटवाघळांची बसायची जागा, ती त्या वेळी रिकामी असली तरी, कायद्याने संरक्षित आहे. माझी पहिली भेट सप्टेंबरात होती, पाहणीचा हंगाम संपत आलेला. पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळी बसून मोजणी झाली, तेव्हा माद्या तिथे पिल्लं वाढवतात हे कळलं. म्हणजे छपराचं काम ऑक्टोबरनंतरच. पण चुन्याला थंडी चालत नाही. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर चुन्याचं काम धरायचंच नाही. एकाला हिवाळा हवा, दुसऱ्याला नको. तेव्हा कामाचे दोन भाग केले. परवानगी आणि नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गरक्षण संस्थेचा परवाना हातात आल्यावर ऑक्टोबरात पश्चिमेचा पाखा उतरवून परत बसवला. कौलांखाली आजकालचा श्वास घेणारा पडदा न घालता जुन्या पद्धतीचं डांबरी फेल्ट घातलं, कारण त्या पडद्याचे धागे सुटतात आणि वटवाघळं त्यांत अडकून मरतात. उचलण्याचं आणि विटांचं काम एप्रिल-मेवर ठेवलं.

एप्रिलमध्ये आधी काँक्रीटच्या पायऱ्या फोडल्या. मग पश्चिम आणि उत्तरेच्या खालच्या घरांतल्या विटा काढून क्रमाने रचल्या, म्हणजे वजन कमी होईल. खांबांना आतून-बाहेरून जाड लाकडी पट्ट्या आवळल्या, त्यांच्याखाली पोलादी तुळया सरकवल्या, तुळयांखाली सहा जॅक. सुतार साठीचे, सगळं आयुष्य ओकमध्ये काढलेले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि जॅक एका वेळी दोन मिलिमीटर चढवायला सांगितले. प्रत्येक वेळी थांबून ते खांबाला कान लावत. लाकूड कुरकुरलं की थांबायचं, शांत झालं की पुढे. दिवसभरात अठरा मिलिमीटर उचललं. तुळई सुटी व्हायला तेवढं पुरलं.

लाकूड कुठलं वापरायचं, यावर आमचा वाद झाला. सुतारांना एखाद्या पाडलेल्या बार्नची जुनी तुळई हवी होती: वाळलेली, नंतर न आकसणारी. मी नव्या ओकवर अडून बसले. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक मिळतं म्हणून कुठेतरी दुसरी जुनी इमारत मोडली जाते, आणि शंभर वर्षांनी बघणाऱ्याला मूळचं कुठलं आणि जोडलेलं कुठलं ते कळत नाही. डिझायनर आणि लेखक विल्यम मॉरिस आणि मंडळींनी १८७७मध्ये ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ स्थापन केली तेव्हापासून ही शिस्त चालत आली आहे: दुरुस्ती करा, जुन्याचा बनाव करू नका. शेवटी काही वर्षं हवेत वाळलेला नवा ओक मिळाला आणि दोघांचं समाधान झालं. पश्चिमेला ३.१ मीटर आणि उत्तरेला १.८ मीटर तुळई बदलली, जुन्या-नव्याचा सांधा लांब, एकात एक गुंतणारा. दोन खांबांचे पाय तसेच जोडले. नव्या तुळईच्या आतल्या अंगाला सुतारांनी वर्ष कोरलं.

फाटकापाशी ठेवलेल्या तीन दगडांची गोष्ट सांगायलाच हवी. मालकीणबाईंना ते तिन्ही आपल्याच कोठाराचे वाटत होते. आम्ही टोप्यांवरचं शेवाळ मऊ ब्रशने ओलं करून पुसलं. दोन टोप्यांच्या माथ्यावर तुळईच्या रुंदीचा एक गुळगुळीत, फिकट पट्टा होता. दोनशे वर्षं लाकूड टेकून राहिल्याची खूण. तिसरीवर तो नव्हता. ती मधे कधीतरी बागेच्या शोभेसाठी विकत आणलेली होती, कुठल्यातरी दुसऱ्या कोठाराखालून निघालेली. स्टॅडल आज बागांमधली महागडी वस्तू आहे, ते चोरीलाही जातात. तिसऱ्या जागी नवा दगड घडवून घेतला, साधा, जुना दिसण्यासाठी न खरवडलेला.

इमारत चौकाच्या बाजूला नऊ सेंटिमीटर कललेली होती. ठेकेदाराला ती सरळ करायची होती, मालकीणबाईंनाही. मी नको म्हटलं. कलल्यानंतर शतकभरात सांधे त्या जागी बसले आहेत, दाराची चौकटही त्याच कलाने कापलेली. सरळ करायला गेलं तर एका बाजूच्या सगळ्या जिभांवर ताण येतो. उचलून परत दगडांवर ठेवताना ती आपणहून दीड सेंटिमीटर मागे आली. त्याने दार अडायला लागलं. सुतारांनी दार न तासता बिजागऱ्यांची जागा किंचित बदलून ते बसवलं. मे महिन्यात विटा त्यांच्याच क्रमाने चुन्यात परत लागल्या.

निकाल

चौदा महिन्यांनी त्याच बाजूंना पुन्हा ओलमापक लावला. पश्चिमेची जुनी तुळई १८ टक्के, उत्तरेची १९. उत्तरेला चौकात ट्रॅक्टर वळतो म्हणून तिथलं काँक्रीट पूर्ण काढता आलं नाही; भिंतीलगतचा पट्टा तोडून खडीची चारी केली. तो एक आकडा मला अजून स्वस्थ बसू देत नाही. वटवाघळं जूनमध्ये परत आली. नव्या सांध्याजवळ एक बारीक चीर पडली आहे, नव्या ओकच्या आकसण्याची, अपेक्षेएवढीच.

ऑफिस मात्र मालकीणबाईंना एप्रिल ते ऑक्टोबरच वापरता येतं. थंडीत त्या घरात बसतात. हे त्यांना आधी सांगितलेलं होतं, तरी पहिल्या नोव्हेंबरात त्यांना ते बोचलं, आणि तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

आज पुन्हा करायचं तर

वटवाघळांची पाहणी मी पहिल्या फोनलाच ठरवली असती. ऑगस्टमध्ये फोन आला होता. मी आधी आराखडे हातात घेतले आणि एक अख्खं वर्ष गेलं. त्या हिवाळ्यात वटवाघळांच्या वाटा मोकळ्या ठेवून पश्चिमेच्या पाख्यावर ताडपत्री टाकावी लागली. तिच्याखाली वाफ कोंडून दोन वासे काळे पडले. ज्या इमारतीचा आजारच कोंडलेली हवा होता, तिला मी स्वतः वर्षभर झाकून ठेवलं.

परवानगीचा अर्ज करण्याआधी एक खड्डा खणून दगडांचा पाया बघायला हवा होता. दगड दाबलेल्या खडू आणि गारगोटीच्या थरावर बसलेले निघाले, भक्कम. पण हे काम चालू असताना कळलं, आणि तोवर काँक्रीटच्या पायांचे अनावश्यक आराखडे काढून झाले होते.

सगळ्यात मोठी चूक भरून निघणारी नाही. कप्प्यांच्या भिंतीवरच्या फळ्यांवर पोत्यांच्या मोजणीच्या खुणा होत्या: चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी छेदून, खडूने आणि पेन्सिलने, ओळींवर ओळी. मी त्या पहिल्या भेटीत पाहिल्या होत्या आणि फोनवर सहज एक फोटो घेतला होता. काम सुरू झाल्यावर ठेकेदाराच्या एका तरुण मजुराने जागा साफ करायची म्हणून उत्तरेच्या कप्प्याच्या फळ्या तारेच्या ब्रशने घासल्या. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. कुणीही आत पाऊल टाकण्याआधी तिरक्या उजेडात फळी-फळीची छायाचित्रं घ्यायला हवी होती, आणि त्या फळ्यांवर साधा कागद चिकटवून ‘हात लावू नका’ लिहायला हवं होतं.

दाराच्या आतल्या बाजूला तीन ओळी उरल्या आहेत. सकाळी दार अर्धं उघडं ठेवलं की त्या वाचता येतात: पाच, पाच, पाच, पाच, तीन. घासल्या गेलेल्या फळ्यांचा तो फोनवरचा फोटो मोठा करून मालकीणबाईंनी टेबलासमोर लावला आहे. त्यात खालची अर्धी ओळ धूसर आहे.